एक चाळीसची ट्यूब

हे खरं घडलंय. माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत.

ज्यांना काळोखी रात्र आणि कुत्र्याचं रडणं हवंय, त्यांनी दुसरीकडे बघावं. हे घडलं बुधवारी, भर दुपारी. हॉस्पिटलच्या तळघरातल्या लॅबमध्ये. डोक्यावर सहा ट्यूबलाइट चालू होत्या आणि शेजारच्या टेबलावर दोन माणसं रजेच्या अर्जावरून भांडत होती. अशा ठिकाणी यायला भुतालाही लाज वाटली पाहिजे.

पण...

मावशीच्या शब्दावर मी डोळे मिटून विश्वास ठेवतो, कारण तिला खोटं बोलताच येत नाही. उभ्या आयुष्यात ती एकदाच खोटं बोलली.

त्या एका खोट्याची ही गोष्ट.

मावशी तेव्हा सव्वीस वर्षांपासून रक्त तपासत होती. रक्त किती वेळात गोठतं, एवढंच बघायचं तिचं काम. सगळं हॉस्पिटल तिला 'परत मॅडम' म्हणायचं. ट्यूबवर नाव आहे, नंबर आहे, पण वेळ लिहिली नाही? परत. वेळ आहे, पण खाडाखोड? परत. एकदा तर तिने मोठ्या साहेबांचं स्वतःचं रक्त परत पाठवलं. साहेबांनी लेबलवर वय चार वर्षांनी कमी लिहिलं होतं.

आणि त्या बुधवारी टेबलावर होता माझा मामा. मावशीचा मोठा भाऊ.

मामा लिफ्ट दुरुस्त करायचा. पोटात गॅस धरला म्हणून तपासायला गेला आणि कळलं की पोटातली सगळ्यात मोठी रक्तवाहिनी फुग्यासारखी फुगलीय. फुटली तर दवाखान्यापर्यंत पोचायलाही वेळ मिळणार नाही. हे ऐकून घरातल्या सगळ्यांचं धाबं दणाणलं. मामा मात्र घरभर सांगत हिंडला, "माझ्या जवळ कोणी शिंकू नका रे, ठो करून वाजेन."

ऑपरेशन म्हणजे काय, तर फुगलेला भाग उघडून तिथे कापडाची नळी शिवायची. शिवताना वरून चिमटा लावून रक्त थांबवायचं. तेवढा वेळ पाय उपाशी, आतडी उपाशी. थांबलेलं रक्त गोठू नये म्हणून ते पातळ ठेवायचं औषध द्यायचं.

खरी भीती चिमटा काढल्यावर. उपाशी आतड्यांतलं विष रक्तात उतरतं आणि रक्त बिथरतं. नको तिथे गोठतं... आणि हवं तिथे गोठायचं विसरतं.

सर्जनसाहेब याच विषावर अभ्यास करत होते. म्हणून प्रत्येक पेशंटच्या पाच ट्यूब खाली लॅबमध्ये यायच्या. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या नंबराने. पहिली भूल देण्याआधी. दुसरी चिमट्याआधी. तिसरी चिमटा लावल्यावर अर्ध्या तासाने. चौथी चिमटा काढल्यावर दहा मिनिटांनी. पाचवी टाके घालताना.

आता, सख्ख्या भावाचं रक्त बहिणीने तपासायचं नाही, असा नियम आहे. पण त्याच सकाळी गोठणं मोजायचं मशीन बिघडलं. बिघडलं म्हणजे कसं? सगळ्यांची तब्येत उत्तम दाखवायला लागलं. मावशीने त्यात नळाचं पाणी घातलं. मशीन म्हणालं, बारा सेकंद, एकदम नॉर्मल.

लॅबच्या साहेबांनी मशीनकडे बघितलं. मग मावशीकडे बघितलं. काचेच्या ट्यूबमध्ये हाताने तपासणं त्या अख्ख्या लॅबमध्ये तिला एकटीलाच येत होतं.

"बसा तुम्हीच," साहेब म्हणाले. "नियमाला आज रजा देऊ."

सकाळी नऊला मावशी स्ट्रेचरजवळ गेली. मामी उशाशी उभी होती, मामाचा चष्मा आणि कवळी हातात धरून.

"ठमे," मामा बोळक्या तोंडाने म्हणाला, "माझं रक्त परत पाठवू नकोस हां. एकच आहे माझ्याकडे."

"गप रे दादा. लेबल नीट असेल तर कशाला पाठवीन?"

"वन्सं," मामी म्हणाली, "तुम्ही आहात ना खाली, म्हणून मला धीर आहे बघा."

मावशी म्हणते, ते वाक्य अजून कानात आहे.

पहिली ट्यूब आली. मशीनला सेकंद पुरतात, हाताने मिनिटं लागतात. झकास गोठली. आठ मिनिटं.

ट्यूब कशा यायच्या, तेही सांगतो. वरच्या ऑपरेशन थिएटरपासून तळघरापर्यंत भिंतीतून एक जाडा पाइप होता. वर डबीत ट्यूब घालायची, बटण दाबायचं. हवेच्या जोराने डबी सूंऽऽ करत खाली यायची आणि जाळीच्या टोपलीत धप्पकन पडायची. तिला सगळे 'तोफ' म्हणायचे. तोफेला नेमाचं वावडं होतं. एकदा तिच्यातून कुणाचा तरी चष्मा आला होता, एकदा उकडलेलं अंडं. पण तोफेवर एक आकडा होता. खाली येणाऱ्या प्रत्येक डबीला तो एकाने पुढे सरकायचा. त्यात कधी चूक नाही.

बारा वाजून चार मिनिटांनी दुसरी ट्यूब आली. आकडा झाला एकतीस.

मावशीने ती गरम पाण्याच्या भांड्यात उभी केली. दर अर्ध्या मिनिटाला काढायची, तिरकी करायची, बघायचं. रक्त वाहतंय का... का धरलंय?

बारा वाजून आठ मिनिटं.

धप्प.

मावशीने वळून बघितलं. टोपलीत डबी होती.

पण सूंऽऽ असा आवाज आलाच नव्हता...

आकडा एकतीसच होता.

"अहो, डबी आलेली ऐकलीत का?" तिने रजेवाल्यांना विचारलं.

"कुठली डबी?" एक जण म्हणाला आणि पुन्हा भांडायला लागला.

डबीत एकच ट्यूब होती. मामाचा नंबर. वळणदार अक्षरात लिहिलेलं: चौथी. वेळ, एक चाळीस.

मावशीने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. बारा नऊ.

आणि ट्यूब... गरम होती. वरून खाली येईपर्यंत रक्त निवतं. हे नुकतं अंगातून काढल्यासारखं होतं.

तिने सवयीने वही उघडली, 'परत' असं लिहिलं आणि वर फोन लावला.

"सिस्टर, चौथी ट्यूब कशी पाठवलीत?"

"चौथी? अहो मॅडम, अजून चिमटाच लावायचाय. स्वप्न पडलं की काय दुपारी?"

"लेबलवर एक चाळीस लिहिलंय."

"मग एक चाळीसला बघा!" सिस्टर हसली. मागे कुणीतरी हसलं. फोन बंद.

परत केलेली ट्यूब टाकून द्यायची नाही, संध्याकाळपर्यंत स्टँडला ठेवायची, ही पद्धत. मावशीने ठेवली. मग राहवेना. उचलली आणि गरम पाण्यात उभी केली.

दहा मिनिटं. तिरकी केली. वाहिलं.

वीस मिनिटं. वाहिलं.

चाळीस मिनिटं... पाणी. लाल पाणी.

चौथ्या ट्यूबला रक्त असं वाहणं म्हणजे काय, हे तिच्याइतकं त्या इमारतीत कुणाला कळत नव्हतं. त्याआधी असे तीन पेशंट तिने बघितले होते. तिघांचीही पाचवी ट्यूब आली नव्हती.

ट्यूब कुठून आली, कशी आली, याचा विचार तिने केलाच नाही. ती म्हणते, "घर पेटल्यावर काडी कुणी लावली हे विचारतं का कुणी?"

तिने पुन्हा वर फोन केला. या वेळी भूल देणाऱ्या डॉक्टर बोलल्या.

"डॉक्टर, चिमटा काढल्यावर रक्त थांबणार नाही. प्लाझ्मा मागवून ठेवा."

"कशावरून म्हणताय?"

"चौथ्या ट्यूबवरून."



"मॅडम," डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या, "तुमचा भाऊ आहे. मला कळतं. चहा घ्या जरा."

मग तिने स्वतःच रक्तपेढीत फोन केला. रक्त गोठवणारा प्लाझ्मा तिथेच मिळायचा. तिथल्या माणसाला सगळे 'नाही-नाही' म्हणायचे. 'हॅलो'च्या आधी तो 'नाही' म्हणायचा.

"नाही, नाही. रिपोर्ट असल्याशिवाय प्लाझ्मा काढत नाही. बर्फासारखा घट्ट असतो तो. वितळवायला अर्धा तास. वितळवला आणि लागला नाही, तर फेकायचा कुणी?"

"माझ्या भावाचा जीव आहे हो."

"मॅडम, तुम्हीच ना? लेबलवर एक ठिपका नव्हता म्हणून माझी अख्खी पेटी परत केली होतीत? रिपोर्ट पाठवा."

बारा पंचावन्नला तिसरी ट्यूब आली. सूंऽऽ... धप्प. आकडा बत्तीस. ही खरी.

पातळ ठेवायचं औषध चालू असताना अठरा-वीस मिनिटं लागणं ठीक. मावशी ट्यूब तिरकी करत बसली. एकोणिसाव्या मिनिटाला रक्ताने धरलं. ट्यूब पूर्ण उलटी केली तरी थेंब हलला नाही. हवं तसं. अगदी पुस्तकातल्यासारखं.

एका हातात ती उलटी ट्यूब. दुसऱ्या हातात पेन.

तिने वहीत लिहिलं, 'तिसरी: गोठली नाही.'

सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. ती म्हणते, पेन इतकं सहज चाललं की तिचीच तिला भीती वाटली.

रिपोर्ट वर गेला. रक्तपेढीतून 'नाही-नाही'चा फोन आला, "वितळवायला टाकलाय हो प्लाझ्मा." मावशीचा जीव भांड्यात पडला.

मग भुलीच्या डॉक्टरांचा फोन.

"मॅडम, तुमचं खरं निघालं. रक्त फारच पातळ झालंय म्हणता, मग औषधाचा पुढचा डोस मी थांबवतेय."

हे... हे तिने धरलंच नव्हतं.

चिमटा अजून लागलेला. पायांत रक्त थांबलेलं. तिसरी ट्यूब तर बरोबर होती! डोस थांबवला तर ते थांबलेलं रक्त...

"डॉक्टर, थांबा..."

फोन बंद.

तिने परत लावला. टूं... टूं... टूं... ऑपरेशनमध्ये व्यत्यय नको म्हणून सिस्टरने रिसीव्हर काढून ठेवला होता. सात वेळा लावला. सात वेळा टूं.

तिने चिठ्ठी लिहिली. 'रिपोर्ट चुकला. डोस थांबवू नका.' डबीत घातली, बटण दाबलं. तोफ सूंऽऽ करून गेली.

तीन मिनिटांनी डोळ्यांच्या विभागातून फोन आला.

"मॅडम, चिठ्ठी मिळाली. आमच्याकडे सकाळपासून कुणाला डोस दिलेलाच नाही. चालू करायचा का?"

मावशी पळत सुटली. चार जिने. पन्नाशीची बाई, पायात सपाता. वरच्या दारापाशी लाल रेघ होती आणि रेघेवर गार्ड.

"मॅडम, नातेवाइकांनी तिकडे हॉलमध्ये बसायचं."

"अरे, मी लॅबची आहे! रोज बघतोस ना मला?"

"रोज आहात हो. आज यादीत नातेवाईक आहात. हे बघा, फॉर्मवर सही तुमचीच."

सही होतीच. स्वच्छ, तारीख-वेळेसकट. तिनेच केलेली.

"आत निरोप तरी दे."

"आत जायची मलाही परवानगी नाही."

मामी हॉलमधून उठून आली. कवळीची डबी अजून हातातच. "वन्सं? तुम्ही इथे? मग खाली कोण आहे?"

मावशीने दाराच्या वरचं घड्याळ बघितलं.

एक चाळीस.

ती खाली आली तेव्हा टोपलीत डबी पडलेली होती. आकडा तेहतीस. आत मामाचा नंबर. चौथी. एक चाळीस.

तेच वळणदार अक्षर.

तिने ती गरम पाण्यात उभी केली. दहा मिनिटं. वीस. चाळीस. रक्त नुसतं वाहत होतं.

मग वरून आवाज यायला लागले... पळणाऱ्या चपलांचे. रक्तपेढीच्या ट्रॉलीचे. एकदा गेली. परत आली. पुन्हा गेली. मावशी खाली बसून चाकं मोजत होती. दुसरं काही करण्यासारखं उरलंच नव्हतं.

साडेतीनला सर्जनसाहेब स्वतः तळघरात आले. कपड्यांवर कोपरापर्यंत डाग.

"वाचले," ते म्हणाले. "चिमटा काढला आणि रक्त बिथरलं. कुठेच थांबेना. प्लाझ्मा तयार नसता तर टेबलावरच गेले असते. तुमच्या तिसऱ्या रिपोर्टने जीव वाचवला हो."

मावशीने वही मिटून बाजूला सारली.

"फक्त डाव्या पायात गुठळ्या झाल्यात. बऱ्याच. पाय राहील असं वाटत नाही."

"डोस... थांबवल्यामुळे?"

"सांगता येत नाही. त्या विषाने असंही होतं, तसंही होतं. त्याचाच तर अभ्यास करतोय." त्यांनी तिच्या खांद्यावर थोपटलं आणि गेले.

चार वाजता मावशीने स्टँड आवरायला घेतला. त्यात चौथ्या नंबरच्या दोन ट्यूब होत्या. एक बारा आठला आलेली. एक खरी. एकच नंबर, एकच वेळ, एकच अक्षर.

तिने खरी तिरकी केली. वाहिली.

दुसरी तिरकी केली...

गोठली होती.

दगडासारखी. उलटी केली, टेबलावर आपटली, थेंब हलेना. उशिरा का होईना, पण तिने धरलं होतं. मावशी चाळीस मिनिटं बघून उठली होती. आणखी थोडी बसली असती तर?

म्हणजे ती ट्यूब सांगायला काय आली होती? की सगळं नीट होणार आहे, तू फक्त गप्प बस?

तिने दोन्ही ट्यूब पिवळ्या डब्यात टाकल्या. वहीतली खोटी ओळ तशीच ठेवली. खोडली असती तर खाडाखोड झाली असती.

पाय दोन दिवसांनी गेला. गुडघ्याखालून.

त्यानंतर चौथ्या दिवशी मामा नीट शुद्धीवर आला. मावशी ठरवून गेली होती, सगळं सांगायचं आणि पाया पडायचं. पण 'पाया' हा शब्द मनात आला आणि तिला रडू फुटलं.

"रडतेस काय, ठमे?" मामा म्हणाला. आवाज क्षीण, पण खोड जात नव्हती. "मोज्याचा एक जोड आता दुप्पट टिकेल."

"दादा, मला तुला काहीतरी सांगायचंय. तो पाय..."

"काय सांगतेस? मला माहीत नाही होय? मीच दिला की."

"काय?"

"विसरलीस? तूच आली होतीस ना आत. सगळे खाली वाकून माझ्या पोटात बघत होते, आणि तू उशाशी उभी. म्हणालीस, दादा, सगळंच्या सगळं नाही वाचत. काय देतोस? मी म्हटलं, डावा पाय घे. उजवा नको, स्कूटरचा ब्रेक त्याच्यावर आहे." तो हसला. खोकला आला. "मग तू हातातून एवढं रक्त काढलंस. ट्यूब मुठीत धरून निघालीस."



"मी आत आले नव्हते रे, दादा..."

"चल! माझ्या बहिणीला मी ओळखत नाही?" मामा तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने हात वर करून तिच्या डोक्याला लावला. "पण केसांना काय केलंस गं? त्या दिवशी सगळे पांढरे होते."

तेव्हा मावशीचे केस काळेभोर होते.

तिने त्याला काहीच सांगितलं नाही. त्यानंतर मामा नऊ वर्षं जगला. काठी आपटत, सगळ्यांच्या लिफ्टला नावं ठेवत. झोपेतच गेला.

मावशी रिटायर होऊन सहा वर्षं झाली. आता तिचे केस मुळापासून पांढरे आहेत, हे घरात फक्त मला माहीत आहे. कारण ती ते दिसू देत नाही. दर दहा दिवसांनी रंग. आजारी असली तरी, कुठे जायचं नसलं तरी. एकदा मी चेष्टेत म्हटलं, "मावशी, या वयात कुणाला दाखवायचंय?"

ती म्हणाली, "दाखवायचं नाहीये रे. मला त्या बुधवारी दादाच्या उशाशी जायचं नाहीये."

मागच्या रविवारी तिचा फोन आला. रंगाची बाटली संपली होती आणि तिच्या गल्लीतलं दुकान बंद होतं.

"उद्या सकाळी आणतो," मी म्हटलं.

"उद्या नको," ती म्हणाली. आवाज इतका दबका, जणू खोलीत दुसरं कुणीतरी होतं. "आत्ता आण. भांगापाशी दिसायला लागलेत..."